मोडीत गेलेली वस्तू आणि तिचा नफा

समोर बसलेल्यांपैकी काही जणांच्या बुटांवर अजून लेण्याची धूळ दिसते आहे, म्हणजे सकाळी वर जाऊन आलात. चांगलं केलंत. आम्हाला आता त्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यामुळे लेणं आम्ही आठवणीतून सांगणार आणि तुम्ही ते डोळ्यांत ताजं घेऊन ऐकणार. आणखी एक कबुली सुरुवातीलाच देतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. इतिहास हा आमचा धंदा नव्हे. आमच्याकडे तो नेहमी दुसऱ्याच्या हातून आलेला, वापरलेला असाच येतो. पण आजचा विषयच जुन्या मालाचा आहे, तेव्हा हे चालून जावं.

संयोजकांनी प्रश्न साधा ठेवला आहे. जुनी वस्तू स्वस्तात घ्यायची आणि महाग विकायची, यात गैर काही आहे का? पहिलं उत्तर प्रत्येकाच्या तोंडावर असतं: अहो, घेणाऱ्यानं राजीखुशीनं घेतली, देणाऱ्यानं राजीखुशीनं दिली, मग तिसऱ्यानं कशाला नाक खुपसायचं? हे उत्तर वाईट नाही. पण ते पुरत नाही, आणि का पुरत नाही हे पाहायला भाजं ही बरी जागा आहे.

वरच्या चैत्यगृहात मान वर करून पाहिलं असेल तर छताला लाकडाच्या फासळ्या दिसल्या असतील. लेणं इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला घेतलं. दगडात कोरलेल्या छताला लाकडी फासळ्यांची काही गरज नव्हती. पण कारागिरांचा हात लाकडाच्या बांधणीला सरावलेला, म्हणून त्यांनी त्या बसवल्या, आणि त्या अजून आहेत. दर्शनी भागाचं लाकूड मात्र गेलं, तिथे नुसत्या खाचा राहिल्या. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड बाजारात आलं तर त्याला काय भाव येईल, याचा हिशेब इथे बसलेल्या एखाद्याच्या मनात सुरू झाला असेल तर त्याला आम्ही दोष देत नाही. आमच्याही मनात तो एकदा येऊन गेला होता.

या लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंना मात्र हा हिशेब करायला बंदी होती. विनयपिटकात निस्सग्गिय पाचित्तिय म्हणून नियमांचा एक गट आहे, ज्यात चूक घडली की ती वस्तूच सोडून द्यावी लागते. त्यात भिक्खूनं खरेदी-विक्री करू नये असा नियम आहे. सहधर्मीयांनी आपापसात वस्तू बदलून घेतल्या तर चालतं. बाजारात उतरून चालत नाही. भिक्षापात्राचा नियम तर आम्हाला फार आवडतो. पात्राला पाच ठिकाणी डाग दिल्याशिवाय नवं मागायचं नाही. कुणी मागितलंच, तर ते नवं पात्र संघापुढे ठेवायचं. मग ज्येष्ठतेच्या क्रमानं एकेक भिक्खू हवं तर ते घेणार, आपलं जुनं खाली ठेवणार, पुढचा ते पाहणार, आणि असं करत करत जे शेवटी उरेल ते त्या हावऱ्या भिक्खूच्या हातात. फुटेपर्यंत वापर म्हणायचं. जुन्या वस्तूंची इतकी नेमकी फिरवाफिरव, आणि त्यात कुणाचा छदामाचा नफा नाही!

चुल्लवग्गात आनंदाची एक गोष्ट आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजाला शंका आली: एवढ्या वस्त्रांचं हा करणार काय, दुकान घालणार की काय? त्यानं आनंदाला विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटू. मग त्या जीर्ण चीवरांचं? अंथरुणावर घालायला. ती अंथरुणं जुनी झाली की? गादीच्या खोळी. पुढे जमिनीवर पसरायला, मग पाय पुसायला, मग धूळ झटकायला. आणि शेवटी त्या चिंध्या कुटून मातीत कालवायच्या आणि जमीन सारवायची. राजा खूश झाला आणि त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली. राजाच्या शंकेतला 'दुकान' हा शब्द लक्षात ठेवा. वापरलेली वस्तू पुढे गेली तर पुण्य, आणि तीच पैसे घेऊन पुढे गेली तर संशय, हा भेद तेव्हापासून आपल्या अंगात मुरलेला आहे.

पण मग धर्म नफ्याच्या विरुद्ध होता असं समजू नका. नाक्यावरून समोर पाहिलंत तर कार्ले दिसतं. तिथल्या चैत्यगृहात कोरलेलं आहे की ते वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं पुरं करवलं. धेनुकाकटाचे यवन तिथे खांब देतात. नाशिकच्या पांडवलेण्यात तर उषवदातानं तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून गुंतवले आणि व्याजातून भिक्खूंच्या वस्त्रांची सोय लावली. म्हणजे बोरघाटातून माल चढवणाऱ्याचा नफा हवाच होता, फक्त तो भिक्खूनं स्वतः कमवायचा नव्हता. आमच्या एका विद्यार्थ्यानं वर्गात याला सोवळं-ओवळं म्हटलं होतं. आम्ही त्याला गप्प केलं. आता वाटतं, त्याला बोलू द्यायला हवं होतं.

भिक्खूला बाजार वर्ज्य, पण राज्याला तो चालवावाच लागतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांवरच्या देखरेखीचं प्रकरण आहे, आणि ते सुरूच होतं जुन्या मालापासून. बाजाराच्या अध्यक्षानं जुन्या वस्तूंची विक्री किंवा गहाण होऊ द्यावं, पण ती वस्तू विकणाऱ्याचीच आहे हे सिद्ध झाल्यावर. त्याच प्रकरणात पुढे सर्वसाधारण मालावरचा नफाही बांधून दिला आहे: देशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर शेकडा दहा. जुन्या मालाच्या बाबतीत मात्र पहिली चिंता मालकीची. धर्मशास्त्रात 'अस्वामिविक्रय' म्हणजे मालक नसलेल्यानं केलेली विक्री, हा अठरा व्यवहारपदांपैकी एक स्वतंत्र विषय आहे. आजच्या 1930 सालच्या वस्तुविक्रय कायद्यातही तेच तत्त्व आहे: जी मालकी माझ्याकडे नाही ती मी तुम्हाला देऊ शकत नाही.

याज्ञवल्क्य याच्या पुढे जातो. हीन माणसाकडून, एकांतात, कमी किमतीत, अवेळी जो विकत घेतो त्याला तो चोर ठरवतो. यातल्या कमी किमतीवर थांबू या. याज्ञवल्क्याच्या मते स्वस्ताई हाच एक पुरावा आहे. फार स्वस्त मिळत असेल तर तुला कळायला हवं होतं, असं तो घेणाऱ्याला म्हणतो. आणि 'हीन' कोण? कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला विज्ञानेश्वर मिताक्षरेत सांगतो की ती वस्तू मिळवण्याचा मार्ग ज्याच्यापाशी असूच शकत नाही, तो. अर्थ सरळ आहे, पण व्यवहारात या शब्दाचं काय होतं ते आपण जाणतो. फाटक्या माणसाच्या हातात चांगली वस्तू दिसली की ती चोरलेली. मुंबईत मटण स्ट्रीटवरच्या बाजाराचं नावच चोर बाजार. तिथलंच एखादं घड्याळ, तेच घड्याळ बरं का, चार हात फिरून काचेच्या कपाटात गेलं आणि खाली छापील पाटी लागली, की त्याच्या विक्रेत्याला कुणी चोर म्हणत नाही. तो जाणकार होतो.

आता थोडं लांब जाऊ, पण त्याच शतकात राहू. इकडे भाज्याच्या खडकावर छिन्नी पडत होती त्याच शतकात, भूमध्य समुद्राच्या काठी, स्टोइक पंथाचे दोन आचार्य एका प्रश्नावर भांडत होते. एक बॅबिलोनचा डायोजिनीस आणि दुसरा त्याचाच शिष्य अँटिपाटर. पुढे इसवीसनापूर्वी 44 मध्ये सिसेरोनं आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात तो त्यांचे पेच मांडतो. त्यातला एक असा: एक माणूस सोनं विकतो आहे, पण त्याला ते पितळ वाटतं. सज्जन ग्राहकानं त्याला सांगावं का की बाबा हे सोनं आहे? की हजार दीनारांची वस्तू एका दीनारात घेऊन गप चालू लागावं? डायोजिनीसचा कल असा की कायद्यानं सांगायला लावलं असेल तेवढंच सांगायचं. बाकी विकणाऱ्यानं आपलं पाहावं, घेणाऱ्यानं आपलं. अँटिपाटर म्हणतो, माणसं एकमेकांची आहेत, तुला ठाऊक आहे ते त्याच्यापासून लपवू नकोस. सिसेरो अँटिपाटरच्या बाजूचा.

हा प्रश्न आम्ही वर्गात तीस-एक वर्षं विचारला. मुलं हमखास डायोजिनीसच्या बाजूची असायची. 'त्यानं अभ्यास करायला हवा होता सर' असं त्यांचं म्हणणं. मुली जास्त करून अँटिपाटरच्या. याचं कारण आम्हाला वर्गात उमगलं नाही, घरी उमगलं. घरातली जुनी वस्तू विकायला दारात कोण उभं असतं? बाई.

तुमच्यातल्या साठीच्या पुढच्यांना आठवेल. 1960 नंतर घरोघर स्टेनलेस स्टील आलं. त्याला कल्हई नको, चिंच लावून घासणं नको, पडलं तरी पोचा नाही. मग फळीवरची तांब्या-पितळेची भांडी, घंगाळं, हंडे, सुरया, गडवे, भांड्यांच्या दुकानात मोडीत गेले. मोड हा शब्द नीट ऐका. मोडीत दिलं म्हणजे ती वस्तू राहिली नाही, वजन झालं. काट्यावर पितळ तोललं, भाव लावला, तेवढ्याचं स्टील घेतलं, वरचे पैसे भरले. लग्नात आलेलं, आजीचं नाव ठोकलेलं घंगाळ किलोच्या भावानं गेलं. त्यातली बरीच भांडी वितळली. काही दुकानाच्या माळ्यावर राहिली. आणि आज लोणावळ्याच्या एखाद्या बंगल्याच्या पडवीत तशाच घंगाळात पाणी घालून फुलांच्या पाकळ्या सोडलेल्या दिसतात. ते घंगाळ पितळाच्या भावानं कुणी घेतलेलं नसतं.

फसवलं का त्या दुकानदारानं? आम्हाला वाटतं, नाही. त्या वर्षी त्यालाही ते पितळच दिसत होतं. पेच होतो तो पुढे, जेव्हा एकाला सोनं दिसायला लागतं आणि दुसऱ्याला अजून पितळच दिसत असतं. वाडे पडायला लागले, नक्षीचे खांब, दारांच्या चौकटी, गणेशपट्ट्या जळाऊ लाकूड म्हणून निघायला लागल्या, आणि शहरातून कुणीतरी टेम्पो घेऊन आला. त्याला माहीत होतं. घरमालकाला माहीत नव्हतं.

वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा 1970 सालचा प्रसिद्ध निबंध आहे. त्यात विकणाऱ्याला गाडीतले दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात, आणि त्यानं सगळा बाजारच कसा नासतो ते दाखवलं आहे. आपले कायदेही याच बाजूनं विचार करतात, ग्राहकाला जपतात. आमच्या या गोष्टीत उलट आहे: घेणारा जाणता, विकणारा अजाण. अशा विकणाऱ्याला जपणारं फार काही नाही, कारण मालकाला आपली वस्तू माहीतच असणार असं कायदा धरून चालतो. 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आहे, 1976 पासून तो लागू झाला. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. चांगला कायदा आहे. पण तो वस्तूला देशात ठेवतो. ती विकणाऱ्या म्हातारीला किती मिळाले हे तो विचारत नाही.

पुण्याचे दिनकर केळकर तुम्हाला माहीत आहेत, 'अज्ञातवासी' नावानं कविता करायचे. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं. दिवे, अडकित्ते, वाद्यं, दारं, कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा. वीस हजारांच्या घरात वस्तू, आणि 1975 मध्ये सगळा संग्रह त्यांनी सरकारच्या स्वाधीन केला. ज्यांना अडकित्त्यात अडकित्ता दिसत होता त्या काळात त्यांना त्यात इतिहास दिसला. त्यांनी जमवलं ते विकलं नाही, हे आमच्या दृष्टीनं मोठं. त्यांचं नाव सांगून आपला धंदा झाकणारे पुष्कळ भेटतात. आम्ही संस्कृती वाचवतो, म्हणतात. वाचवता, खरं आहे. पण भाव सांगताना संस्कृती आणि भाव देताना भंगार, अशी दोन मापं एकाच खिशात कशी ठेवता?

आणि आता बोहारीण. दुपारी दोनच्या सुमाराला डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत भांडी, 'कपड्यांवर भांडीऽऽ'. आमच्या आई तिच्याशी घासाघीस करायच्या ती ऐकण्यासारखी असायची. बोहारीण लुगडं उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधायची, पँटचा मागचा भाग चाचपायची, जरीचा काठ बोटांत चोळून पाहायची. आई म्हणायच्या, 'पातेलं केवढंसं आणि कपडे किती मागतेस गं?' ती म्हणायची, 'माई, अजून एक शर्ट घाला.' ती गेली की घरात ठराविक वाक्य: लुबाडून गेली. कुणी फार घासाघीस केली तर त्याला 'बोहारीण आहेस नुसती' असं म्हणायची पद्धत होती.

तिनं काय लुबाडलं ते पाहू. ते गाठोडं ती उन्हात घरी नेणार. धुणार, उसवलेलं शिवणार, बटणं लावणार, इस्त्री करणार, आणि पहाटेच्या बाजारात मांडणार. नवा सदरा ज्याला परवडत नाही असा गवंड्याच्या हाताखालचा माणूस तो घेणार. जे नेसण्याजोगं नाही त्याची गोधडी. जे गोधडीजोगं नाही त्याची फडकी, आणि उरलेल्या चिंध्या हात पुसायला गॅरेजात. आनंदानं उदयनाला सांगितलेली ती सगळी उतरंड जशीच्या तशी इथे आहे, फक्त प्रत्येक पायरीला दोन-चार रुपये आहेत. तेवढ्यावर तिचं घर. कष्ट तिचे, जोखीम तिची, कपड्याबद्दल तिला ठाऊक होतं तेवढं आमच्या आईंनाही ठाऊक होतं. दोघी बरोबरीनं भांडत होत्या. जरीतल्या चांदीचं म्हणाल, तर तिथे ती थोडी हुशारी करायची, हे मान्य. पण जुन्या वस्तूंच्या सगळ्या इतिहासात जिच्या नफ्यात खोट काढायला सर्वांत कमी जागा आहे, तिच्याच नावाची आपण शिवी केली. टेम्पोवाल्याला मात्र चहा दिला.

इथवर आम्ही न्यायाधीशासारखे बोललो. आता आरोपीच्या पिंजऱ्यातून थोडं.

1987 साली आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन भाजं आणि लोहगड असे आलो होतो. परतताना वाटेवरच्या एका घरी पाणी मागितलं. आजींच्या ओट्यावर एक काठवट पडली होती, एकाच खोडातून कोरलेली, काठ झिजून गुळगुळीत. आम्ही विचारलं, विकता का? त्या म्हणाल्या, 'घ्या की मास्तर, न्हाईतरी चुलीतच जायची हाय.' पंधरा रुपये दिले. त्या आनंदल्या, आम्हीही. पुण्याला आणून घासली, अळशीचं तेल पाजलं, आणि ती दहा-बारा वर्षं आमच्याकडे वर्तमानपत्रं ठेवायला होती. पुढे ओळखीतल्या एकाला हॉटेल सजवायचं होतं. त्यानं तीन हजार देऊ केले. आम्ही दिली.

संध्याकाळी घरातून प्रश्न आला, 'अहो, त्या आजींना किती दिले होते?'

आम्ही लगेच युक्तिवाद मांडला. घेताना आम्हाला तरी कुठे भाव माहीत होता? लपवलं काहीच नाही. अँटिपाटरसुद्धा हरकत घेणार नाही. पलीकडून 'बरं' एवढंच आलं. रात्री झोप लागेना तेव्हा स्वतःशी कबूल केलं: नेमका भाव माहीत नव्हता, पण पुण्यात ही कुणालाही आवडेल एवढं त्या ओट्यावर उभं असतानाच माहीत होतं. आजींना ते माहीत नव्हतं. आणि 'चुलीत जायची हाय' हे ऐकून आम्हाला वाईट वाटलं नव्हतं, बरं वाटलं होतं. भाव पडतो ना.

महिन्याभरानं मळवलीला उतरलो. दीड हजार बरोबर घेतले होते. निम्मे का, याचं तात्त्विक समर्थन आमच्यापाशी आजही नाही. तेल, जागा, वर्षं असा काहीतरी हिशेब केला होता. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. सून होती. तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. म्हणाली, 'आत्याबाईंनी त्या पंधरा रुपयांत बाजार आनला हुता, चांगलं ध्यानात हाय.' पैसे घ्यायला तयार होईना. भीक दिल्यासारखं वाटलं असावं तिला. आम्ही म्हटलं, हे तुमचंच आहे. मग तिनं घेतले, मोजले, पदराला बांधले. आम्ही उठलो तशी ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, 'मास्तर, आमचा पाटा-वरवंटा बी एकानं नेला, आन् जात्याची तळी. त्यो बी तुमच्यावानीच शिकल्याला दिसत हुता. तुमच्या वळखीचा हाय का?'